निसर्ग कोपला, ढग फुटला, समुद्राने गिळलं... मग फोन कुणाला लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय की कोकणातल्या वादळ-पुराच्या बातम्यांत ‘निसर्गाचा कोप’, ‘समुद्राचं आक्रमण’, ‘काळाचा घाला’ असली भाषा सगळीकडे असते, तर त्यामुळे हवामान बदलाला जबाबदार कोण ह्याबद्दल वाचणाऱ्याचं मत खरंच बदलतं का, की ही नुसती हेडिंगची सजावट आहे. मास कॉमच्या प्रोजेक्टसाठी विचारलंयस आणि ताई म्हणून विचारलंयस, म्हणून अरेतुरेच करते. मी रत्नागिरीत जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढलीत, तालुक्याच्या वार्ताहरांकडून आलेली कॉपी, म्हणजे बातमीचा कच्चा मजकूर, नीट करायची आणि तिला हेडिंग द्यायचं हेच काम, त्यामुळे उत्तर डेस्कच्या बाजूने देते.

फरक पडतो, पण सगळे समजतात तिथे नाही. ‘निसर्ग कोपला’ वाचून चिपळूणचा दुकानदार काही सगळं देवावर सोडून घरी बसत नाही, त्याच्या दुकानामागच्या नाल्यात काय अडकलंय ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. फरक पडतो तो आमच्याकडे, न्यूजरूममध्ये. पहिल्या दिवशी घटनेला जे रूपक चिकटतं त्यावरून ठरतं की दुसऱ्या दिवशी बातमीदार फोन कुणाला लावणार. निसर्ग कोपला म्हटलं की फोन जातो वेधशाळेला आणि कलेक्टर ऑफिसला, एक आकडा पावसाचा, एक आकडा मदतीचा, झाली बातमी. नदी गाळाने भरली म्हटलं की फोन पाटबंधारे खात्याला जातो, नगरपरिषदेला जातो, गाळ शेवटचा कधी काढला, टेंडर निघालं होतं का, पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, असे प्रश्न आपोआप येतात. पाऊस तोच, पूर तोच, प्रश्न मात्र वेगळे. आणि जो प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला गेला नाही तो पुढे सहसा विचारलाच जात नाही, कारण तोपर्यंत गणपती जवळ आलेले असतात, महामार्गावरच्या खड्ड्यांच्या बातम्या सुरू होतात आणि पूर आतल्या पानावर जातो.

आधी कोपाबद्दल बोलूया, कारण ते सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. कोप उगाच होत नाही, कुणीतरी आगळीक केली म्हणून होतो. आपल्याकडे ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा काय चुकलं माकलं असेल तर माफ कर म्हणतातच ना, आणि तिथे ते बरोबर आहे, कारण देव गावाचा, चूक गावाची, माफी मागणारंही गावच. तेच उचलून हवामानाच्या बातमीत आणलं की हिशोब पार उलटा होतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. अशा बातमीला कोप म्हटलं की प्रश्न पडायलाच हवा की ह्या माणसांनी निसर्गाचं नेमकं काय वाकडं केलं होतं? भारतात दर माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास, आणि आपले ते २ टनसुद्धा सरासरी आहेत, त्यात मुंबई-पुण्यातले एसी आणि गाड्या, कोळशावरची वीजकेंद्रं, स्टीलचे कारखाने सगळं आलं, सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीचा वाटा त्यातला किती असेल तूच सांग. तरी रूपक म्हणतं शिक्षा झाली, आणि शिक्षा म्हटली की ज्याला झाली तोच गुन्हेगार. मेलेल्या माणसांवर आपण न बोलता आरोप करून मोकळे होतो, आणि हे मला अजिबात पटत नाही, म्हणून माझ्या हातून जाणाऱ्या कॉपीतून कोप मी काढतेच.

‘काळाचा घाला’ त्यामानाने साधा, त्यात दोष कुणाचाच नसतो. पण त्यामुळेच सोयीचा. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री वाहून गेला, दोन एसट्या आणि आणखी गाड्या पुरात गेल्या. पुलाचं वय सगळ्यांना ठाऊक होतं, वाहतूक त्याच्यावरूनच चालू होती. अशा ठिकाणी काळाने घाला घातला म्हटलं की पुलाची तपासणी करणारा माणूस वाक्यातून निघूनच जातो.

२०२० चं वादळ तर नावानेच घोटाळा करून गेलं. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाचं नाव होतं ‘निसर्ग’. हे नाव बांगलादेशने सुचवलेलं, १३ देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतलं पहिलं. झालं काय, की निसर्ग कोपला, निसर्गाचा तडाखा, निसर्गाने हिरावलं, असली हेडिंगं आपसूक तयार झाली, लिहिणाऱ्याला वेगळा विचार करायची गरजच उरली नाही आणि वाचताना वादळ म्हणजेच निसर्ग, निसर्ग म्हणजेच वादळ असं होऊन बसलं. अरबी समुद्र का तापतोय हा प्रश्न त्या शब्दाखाली दबला. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलंय की २००१ ते २०१९ ह्या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरात तशी वाढ झाली नाही. २००९ चं फयान, २०१९ चं क्यार, २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, ही नावं नुसती एकाखाली एक लिहिली तरी वाचकाला काहीतरी कळतं, पण प्रत्येक वादळ स्वतंत्र कोप म्हणून छापलं की ती रांग दिसतच नाही. आणि जमिनीवर बघ. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडे सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, सरकारने बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर केले. हेक्टरी! किनाऱ्यावरची वाडी असते पाच गुंठे, दहा गुंठे, म्हणजे पाच गुंठेवाल्याच्या हातात अडीच हजार, ज्या सुपारीला पुन्हा धरायला पाच-सात वर्षं लागणार. ही खरी बातमी होती, कारण हा निर्णय माणसांनी घेतलेला आणि माणसांना बदलता येण्यासारखा. पण पहिल्या पानाची जागा ‘होत्याचं नव्हतं’ ह्यातच खर्च झालेली.

आता ढगफुटी. तुझ्या प्रोजेक्टला एकच शब्द घ्यायचा असेल तर हाच घे, ह्यात सगळं सापडेल. हवामान खात्याच्या हिशोबाने ढगफुटी म्हणजे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या छोट्या भागात तासाला १०० मिलिमीटरच्या वर पाऊस. कोकणात धो धो पाऊस नवीन नाही, पण तासाला शंभर ही वेगळीच गोष्ट, आणि ती मोजायला त्या जागी दर तासाची नोंद घेणारं पर्जन्यमापक यंत्र लागतं, जे बऱ्याच ठिकाणी नसतंच. म्हणून आम्ही पत्रकारांनी एक शब्द काढलाय, ‘ढगफुटीसदृश’. कॉपीत हा शब्द आला की मी वार्ताहराला विचारते, आकडा किती? तर म्हणतो ताई आकडा नाही पण लय पडला. मग लय पडला असंच लिही की. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी होते आणि पंचनामे सुरू होतात, तेवढं नुकसानभरपाईला पुरतं, आणि ढगफुटी तर केंद्राच्या मदतीच्या निकषांतल्या आपत्तींच्या यादीत नावाने आहे. त्यामुळे हा शब्द फक्त आम्हीच वापरतो असं नाही, लोकप्रतिनिधी वापरतात, सरपंच वापरतात, व्यापारी वापरतात, प्रत्येकाचं आपापलं कारण असतं आणि व्यापाऱ्याचं कारण मला समजतं, त्याचा माल भिजलाय, त्याला मदत हवी. पण नगरपरिषदेच्या सभेत तोच शब्द आला की त्याचं काम बदलतं. ढगच फुटला म्हटल्यावर गटार किती रुंद होतं हे कोण विचारणार? आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं, असं आपल्याकडे म्हणतातच, आणि ते म्हणून झालं की सभेचा विषय पुढे सरकतो.

चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा हे सगळं एकाच वेळी चालू होतं. वर घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर, हा काही खोटा आकडा नाही, एवढा पाऊस कुठल्याही गावाला भारीच. त्यात खाडीला भरती. त्यात वाशिष्ठीत आणि शिवनदीत वर्षानुवर्षांचा गाळ. त्यात कोळकेवाडी धरणाच्या पाण्याचा वाद, कारण कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, लोक म्हणत होते पाणी सोडलं म्हणून एवढं चढलं, प्रशासन म्हणत होतं तसं नाही. आणि ह्या सगळ्याच्या वर हवामान बदल, तापलेल्या हवेत जास्त बाष्प मावतं, दर अंशाला साधारण ७ टक्के. इतकी कारणं एका दिवशी एका गावात एकत्र आली आणि ‘ढगफुटीने हाहाकार’ म्हटलं की त्यातलं फक्त एक उरतं, तेही ज्याचा फोन नंबर नाही असं.

संशोधन काय म्हणतं हे तू विचारलं नाहीस पण तुझे सर विचारतील. २०११ मध्ये थिबोडो आणि बोरोडित्स्की ह्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला, एका शहरातल्या गुन्हेगारीबद्दल तोच मजकूर, तेच आकडे, फक्त काहींना गुन्हेगारी म्हणजे सावज धरणारं जनावर असं लिहून दिलं आणि काहींना शहराला लागण करणारा विषाणू असं. जनावर वाचणारे पोलीस वाढवा म्हणण्याकडे जास्त झुकले, विषाणू वाचणारे शाळा-नोकऱ्या-गरिबी ह्यांच्याकडे बघा म्हणण्याकडे, आणि कारण विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी आकड्यांकडे बोट दाखवलं, शब्दाकडे नाही. नंतर डच संशोधकांनी २०१४ मध्ये तेच वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिलं तर त्यांना असा परिणाम सापडला नाही. म्हणजे एका परिच्छेदातल्या एका शब्दाने माणूस फिरतो असं ठोकून लिहू नकोस. हवामानाबद्दल फ्लुसबर्ग आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, त्यात ‘युद्ध’ म्हणून मांडलं तर ‘शर्यत’ म्हणून मांडण्यापेक्षा लोकांना धोका जास्त जवळचा वाटला आणि बदलायची तयारीही जास्त दिसली. पण हे सगळं परदेशातल्या वाचकांवर. माझं स्वतःचं मत असं की वाचकावरचा परिणाम मोजणं अवघड, बातमीदारावरचा मोजणं सोपं, पुढच्या पंधरा दिवसांच्या बातम्या काढायच्या आणि कुणाकुणाला प्रश्न विचारले गेले ते बघायचं.

समुद्राचं आक्रमण हे रत्नागिरीजवळच्या मिऱ्या आणि मालवणजवळच्या देवबागच्या बातम्यांत कायम असतं. दर पावसाळ्यात उधाण आलं की मिऱ्याचा बंधारा ढासळतो, समुद्राने आक्रमण केलं, समुद्र वस्तीत घुसला, जमीन गिळली. आक्रमण म्हटलं की तटबंदी सुचते, म्हणून बंधारा, तो गेला की आणखी मोठा बंधारा, मग टेट्रापॉड म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, आणि बातमी प्रत्येक वेळी निधी किती कोटीचा आला एवढ्यावर थांबते. समुद्राची पातळी वाढलीय हे खरंच आहे, १९०१ ते २०१८ मध्ये जगभरात सरासरी २० सेंटीमीटर. पण किनारा फक्त त्यानेच हलत नाही, किनाऱ्याला आडवी जेटी किंवा भिंत घातली की वाळूची ये-जा अडते, एका अंगाला साठते आणि दुसऱ्या अंगाला धूप होते, खाडीच्या तोंडाशी वाळूचा उपसा झाला की पुळणीला वाळू मिळत नाही. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी चिंचोळी पट्टी, तिथे हे प्रश्न विचारल्याशिवाय बातमी पुरी होऊच शकत नाही. शिवाय किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणलं, म्हणजे दीडशे मीटर आपण पुढे जायला कागदोपत्री मोकळे झालो. आक्रमण नेमकं कोण कुणावर करतंय हे त्या अधिसूचनेशेजारी बातमी ठेवून वाचलं की कळतं.

मत्स्यदुष्काळाचं प्रकरण मात्र वेगळं आहे, तिथे रूपक लोकांनी स्वतः निवडलं आणि समजून उमजून निवडलं. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातले पारंपरिक मच्छीमार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आणि छोट्या जाळ्यांचे गिलनेटवाले, ह्यांची जाळी रिकामी येऊ लागली तेव्हा त्यांनी मागणी केली की मत्स्यदुष्काळ जाहीर करा. एका म्हाताऱ्या रापणकराला मी विचारलं होतं की दुष्काळच का म्हणता, समुद्रात पाणी काय कमी झालंय? तो म्हणाला, “दुष्काळ म्हटल्याशिवाय सायबाक ऐकाक येणा नाय.” शेतकऱ्याचा दुष्काळ सरकारला कळतो, त्याची फाइल असते, पैसेवारी असते, कर्जाची सवलत असते, मच्छीमाराच्या रिकाम्या जाळ्याची फाइलच नाही, म्हणून त्यांनी शेतकऱ्याचा शब्द उसना घेतला, आणि त्यांचं बरोबरच होतं. सीएमएफआरआय ह्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत महाराष्ट्राची २०१९ ची मासळी ४५ वर्षांतली सर्वात कमी होती, म्हणजे दुखणं खरंच होतं.

पण तो शब्द आमच्या पानावर आला की त्याचं वळण बदललं. दुष्काळ वरून पडतो, दुष्काळ कुणी करत नाही. हेच मच्छीमार त्याच मोर्चात पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं, आणि रात्री दिव्याने मासे खेचणारी एलईडी मासेमारी ह्यांच्याविरुद्ध घोषणा देत होते, राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध आणले होते, केंद्राने २०१७ मध्ये एलईडीवर बंदी घातली होती, आणि तरी रात्री समुद्रात दिव्यांची रांग किनाऱ्यावरून दिसायची. वार्ताहराने दोन्ही लिहून पाठवलं, हेडिंगला मत्स्यदुष्काळ गेलं कारण तो शब्द चांगला बसतो, आणि आत चौथ्या परिच्छेदात ‘हवामान बदल व अन्य कारणांमुळे’ असं एक वाक्य. त्या ‘अन्य कारणां’मध्ये अख्खा संघर्ष गाडला गेला! पर्ससीनवाल्यांनाही ते चाललं, खात्यालाही चाललं, हवामान बदलावर कुणी मोर्चा काढत नाही ना. समुद्र तापल्याने मासे खोल जातात, उत्तरेकडे सरकतात, हे सगळं खरं आहे, बांगडा-तारली कमी-जास्त होण्यात तापमानाचा हात आहे हेही खरं, पण बंदी असलेला दिवा कोण लावतं ह्याचं उत्तर तापमानात नाही.

म्हणूनच मला आताशा दुसरी काळजी जास्त वाटते. पूर्वी सगळं देवावर ढकलायचे, आता हवामान बदलावर ढकलतात. २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं वाहून गेली, गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या, आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले होते की खेकड्यांनी धरण पोखरलं. त्यावर राज्यभर संताप झाला, कारण खेकड्याच्या आड लपणं लोकांना लगेच दिसलं. हवामान बदलाच्या आड लपलेलं तितकं लगेच दिसत नाही, उलट तसं बोलणारा अधिकारी अभ्यासू वाटतो. घाटात रस्ता रुंद करायला डोंगर उभा कापला, उतार जितका राखायला हवा तितका राखला नाही, पावसाचं पाणी काढायची चर केली नाही, आणि दरड आली की ‘बदलत्या हवामानामुळे दरडींचं प्रमाण वाढलं’. अरे पण त्याच पावसात शेजारचा न कापलेला डोंगर उभा आहे ना.

ह्यावर उपाय म्हणजे वाटा विचारणं. हवामानशास्त्रात हे आता जमतं. जुलै २०२४ मध्ये वायनाडला भूस्खलन झालं, तोही आपलाच पश्चिम घाट, तेव्हा वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशनच्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की त्या दिवशीचा पाऊस हवामान बदलामुळे साधारण १० टक्क्यांनी जास्त तीव्र झाला. दहा टक्के म्हणजे कमी नव्हे, काठोकाठ भरलेल्या डोंगराला तेवढं पुरतं. पण डोंगर काठोकाठ का भरला, उतारावर काय काय उभं केलं होतं, पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये ज्या भागाला संवेदनशील म्हटलं होतं तिथे पुढे काय काय झालं, हा वेगळा हिशोब आणि तो इथल्या लोकांनी द्यायचा. दोन्ही हिशोब एकाच बातमीत छापता येतात, एकाने दुसरा खोडला जात नाही. तिकडे तेल-कोळसा जाळणाऱ्यांची जबाबदारी आणि इकडे परवानगीवर सही करणाऱ्याची, दोन्ही.

जगभरच्या भाषेतही हाच खेळ आहे, थोडक्यात सांगते. ‘कार्बन फूटप्रिंट’ हे रूपक घरोघर पोचवण्यात बीपी ह्या तेल कंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातींचा मोठा हात होता, तुमचं पाऊल किती मोठं ते मोजा म्हणून त्यांनी २००४ मध्ये कॅल्क्युलेटरसुद्धा दिला. पाऊल म्हटलं की ते माणसाचं, एकेकट्याचं, तेलविहिरीला पाऊल नसतं. मग आमच्याकडे पर्यावरण दिनाला पुरवणी निघते त्यात गृहिणींनी गॅस कसा वाचवावा. ‘पृथ्वीला ताप आलाय’ हेही असंच, ताप येतो, आणला जात नाही. ‘हवामान बदलाशी लढा’ म्हटलं की शत्रू हवामान, ते बदलवणारे कुठेच नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत म्हणाले होते की आपण नरकाकडे जाणाऱ्या हायवेवर आहोत आणि पाय अजून अॅक्सिलरेटरवरच आहे. जोरदार वाक्य, सगळीकडे छापलं गेलं, पण ‘आपण’ म्हणजे कोण, पाय कुणाचा? त्याच परिषदेत नुकसानभरपाईचा निधी उभारायचं ठरलं, जो गरीब देश कित्येक वर्षं मागत होते, आणि तो मागण्यामागे साधा मुद्दा हाच होता की पाय सगळ्यांचा नव्हता.

‘आपण सगळे एकाच बोटीत आहोत’ हे तर मंत्र्यांपासून शाळेच्या फलकापर्यंत सगळीकडे. कोकणात बसून हे वाक्य मी सोडूच शकत नाही. हर्णै बंदरात जाऊन कुठल्याही बोटीवर विचार, एका बोटीत असणं म्हणजे काय. तांडेल ठरवतो बोट कुठे न्यायची आणि जाळं कधी टाकायचं, खलाशी ओढतो, मालक बऱ्याचदा घरी असतो, आणि मासळी विकल्यावर वाटे पडतात तेव्हा मालकाचा, बोटीचा, इंजिनाचा, जाळ्याचा वाटा आधी निघतो. वादळाची सूचना असताना बोट बाहेर काढली तर जाब तांडेलाला आणि मालकाला विचारतात, खलाशाला कुणी विचारत नाही, आणि बुडताना मात्र खलाशीच बुडतो. तर एकाच बोटीत आहोत म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग तांडेल कोण आणि मालक कोण तेही बातमीत येऊ दे. १९९२ च्या जागतिक करारात ‘समान पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्या’ असं जे तत्त्व आहे ते ह्याहून फार वेगळं काही सांगत नाही. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण ह्यांनी १९९१ मध्येच लिहिलं होतं की भाताच्या शेतातला मिथेन आणि चैनीच्या गाडीचा धूर एकाच तराजूत घालू नका, एक जगण्यासाठीचा, दुसरा चैनीचा. आता आपल्याकडेही चैनीवाले वाढलेत, भारत वर्षाच्या उत्सर्जनात जगात तिसरा आहे, त्यामुळे हाच प्रश्न मुंबई आणि मंडणगड ह्यांच्यातही विचारायला हवा, फक्त दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये नाही.

कर्ज हे रूपक मला त्यातल्या त्यात कामाचं वाटतं, ‘निसर्ग व्याजासकट वसूल करतो’ असलं नव्हे, ते पुन्हा कोपच झालं आणि पुन्हा वसुली भलत्याच्याच दारात. पण कर्ज म्हटलं की घेणारा कोण, देणारा कोण, जामीन कोण असं विचारता येतं, खातं मांडता येतं. तेल-कोळसा जाळून आजवर वातावरणात गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा, हे वाक्य कर्जाच्या भाषेत कुणालाही कळतं, सोसायटीच्या कर्जाची नोटीस ज्याने बघितली आहे त्याला तर लगेच.

आता प्रत्यक्ष डेस्कवर काय करते ते दाखवते, नाहीतर हे सगळं हवेत राहील. समजा अशी कॉपी आली: ‘निसर्गाच्या लहरीपणाने बागायतदारांच्या तोंडचा घास हिरावला, अवकाळीच्या तडाख्याने हापूसचा मोहोर जमीनदोस्त.’ ह्यात चूक काहीच नाही, दुःख खरं आहे. मी वार्ताहराला फोन लावते. पाऊस कधी, किती? मोहोर पहिला की दुसरा? थंडी लांबली होती का? थ्रिप्स म्हणजे फुलकिडे किती आहेत आणि औषध किती वेळा मारलं? मागच्या पाच वर्षांत असं किती वेळा झालं? कृषी सहायक पंचनाम्याला आला का? विम्याचं काय, ट्रिगर बसला का, म्हणजे भरपाई सुरू होण्याइतका आकडा यंत्रात नोंदला गेला का, हवामान केंद्र बागेपासून किती लांब आहे? ह्या शेवटच्या प्रश्नावर वार्ताहर हमखास गप्प होतो आणि मग बागायतदाराला विचारून परत फोन करतो, कारण आंब्याचा हवामानावर आधारित विमा मंडळातल्या यंत्राच्या आकड्यावर मिळतो, बागेतल्या नुकसानीवर नाही, यंत्र दहा किलोमीटरवर खाली खाडीला आणि बाग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असेल तर बागेत पाऊस झाला आणि यंत्रात नाही असं होतं. मग इंट्रो, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य, बदलतो: बागेत पाऊस पडला, यंत्रात नोंद नाही, म्हणून विमा नाही. हवामान बदललंय ते आहेच, पण त्या बदललेल्या हवामानात बागायतदाराला उघड्यावर कुणी सोडलं तेही आलं. लहरीपणा गेला, त्याची गरजच राहिली नाही.

ह्यावर सहकारी म्हणतात की ताई, रूपकं काढून टाकली तर बातमी सरकारी प्रेसनोट होईल. तसं मी म्हणतच नाहीये. मराठीत रूपकाशिवाय दोन वाक्यं धड होत नाहीत आणि रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं तेव्हा तयार शब्दच हाताशी येतो. शिवाय ज्याचं माणूस गेलंय तो म्हणाला ‘देवाने नेलं’ किंवा ‘दर्या कोपलो’, तर ते जसंच्या तसं अवतरणात छापायचं, त्याला हात लावायचा आपल्याला काही अधिकार नाही, तो त्याच्या दुःखाशी बोलतोय. माझा आक्षेप आपल्या वाक्यांना आहे, अवतरणाबाहेरच्या, जिथे आपण म्हणजे वर्तमानपत्र बोलतंय. तिथे क्रियापदाचा कर्ता तपासायचा. कोसळली, फुटलं, गिळलं, हिरावला. कर्ता ढग, समुद्र, डोंगर, काळ असेल तर चालेल, पण मग पुढच्या दोन परिच्छेदांत कुठेतरी ज्याला नोटीस पाठवता येईल असा कर्ता आला पाहिजे, आणि तो आला नसेल तर बातमी अजून पूर्ण झालेली नाही.

तुझ्या प्रोजेक्टसाठी एक सुचवते. उगाच दहा वर्षांची कात्रणं गोळा करत बसू नकोस, चिपळूणच्या पुराचेच दोन गठ्ठे काढ. पहिला २३ ते ३० जुलै २०२१ चा. दुसरा डिसेंबर २०२१ चा, जेव्हा चिपळूणकर गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले होते. दोन्हीतल्या प्रत्येक बातमीत कर्त्यांखाली पेन्सिलने रेघ मार. पहिल्या गठ्ठ्यात तुला पाऊस, नदी, निसर्ग, महापूर हेच जास्त सापडतील, दुसऱ्यात बघ पाटबंधारे, पूररेषेच्या निळी रेषा आणि लाल रेषा, गाळाचे घनमीटर, मंत्रालयातली बैठक हे शब्द कसे येतात ते, आणि ते शब्द पत्रकारांनी आणले की उपोषणाला बसलेल्या लोकांनी, हे बायलाइनवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या नावाने बातमी छापली त्यांना, फोन करून विचार. मग मधल्या चार महिन्यांत कुठल्या तारखेला भाषा बदलली ते शोध. जुने अंक शहरातल्या वाचनालयात मिळतील, चिपळूणच्याच वाचनालयात पाणी शिरलं होतं त्यामुळे तिथे आधी विचारून जा, नाहीतर रत्नागिरीला ये, आमच्या फाइली चाळायला देते.